बंदुकीची राखण

एकाहत्तरची लढाई संपल्यावर जानराव पलटणीतून मेडशीला परत आला, तो हातपाय सगळे धड घेऊन आला. एक खोड तेवढी सोबत आणली. वावरात जाताना बायकोला, गंगूला, पुढं चालू देईना. "माह्या पावलावर पाऊल ठेव," म्हणे.

बायांना तेवढंच पुरे. त्यातली चंपाबाई विचारायची, "काहून वो गंगू, नवऱ्याची पाठ पाहूनच पोट भरते का तुह्यं?" गंगू हसून घ्यायची, पण आत टोचायचं. एवढी वर्षं वाट पाहिली, अन् वाट्याला आली ती पाठ!

त्या साली रानडुकरांनी ज्वारी लोळवली. शेजारच्या वावरातला मदनसिंग मनानं चांगला, डोक्यात मात्र भलतंच. त्यानं आपली ठासणीची भरमार बंदूक बाभळीला बांधली, चापाला दोरी लावली अन् ती पायवाटेवर आडवी ताणली. दोरीला धक्का लागला की बंदूक आपोआप सुटणार.

"मी घरी झोपलो तरी बंदूक जागी!" तो जानरावला कौतुकानं म्हणाला.

"अन् डुकराच्या जागी बाई आली तं?"

"मी तं घरी राहीन. माह्यावर केस कशी होईन?"

"मंग बंदुकीले उभं करतं का कोर्टात?"

मदनसिंग हसला. जानराव हसला नाही.

दुसऱ्या दिवशी फटफटीत उजाडायच्या आत जानराव घरातून गेलेला. गंगू भाकर बांधून शोधत निघाली, तर हा दोरीपाशी घोंगडं पांघरून बसलेला.

"काय करून राह्यले इथं?"

"बंदुकीची राखण."

"वावर राखाले बंदूक, अन् बंदूक राखाले तुमी?"

"त्याले हेच तं समजावाचं हाये."

मग दोरीकडे पाहतच तो बोलला. "सीमेवर आमी सुरुंग पेरले, गंगू. लढाई थांबली, मोठ्या लोकायनं सह्या केल्या. आमाले समजलं. सुरुंगाले कोन सांगन? आमी काढूनच राह्यलो होतो, तं एक बाई आली. डोक्यावर टोपलं, नवऱ्याची भाकर घेऊन. तुह्यासारखीच भरभर चाले." घोंगडं अंगाशी ओढून म्हणाला, "तिच्या पायाखालचा तो सुरुंग मी पेरला का दुसऱ्यानं, ठाव नाही. कोनी विचारलंबी नाही."

गंगू जवळ सरकून बसली.

तेवढ्यात मदनसिंग आला, अन् रानाकडून त्याची बायको हिरीबाई, डोक्यावर काटक्यांचा भारा, सरळ दोरीकडे.

"हिरी, थांब!" मदनसिंग ओरडला.

"काहून, वाघ पाह्यला का?" ती चालतच राहिली.

जानराव हात पसरून दोरीपुढं उभा राहिला. "वहिनी, तिथंच!"

ती थांबली. मग तिला बंदूक दिसली.

"कालच सांगतलं होतं तिले, इकून येऊ नको मनून," मदनसिंग जानरावला म्हणाला.

"तिले सांगतलं. बंदुकीले सांगतलं का, हे माही बायको हाये मनून?"

मदनसिंगच्या हाताला गाठ सुटेना. जानरावनंच बंदूक सोडवली.

"तुह्यापरीस डुकरं बरे," हिरीबाई नवऱ्याला म्हणाली. "ते समोरून तरी येतात!"

परतताना गंगू पुढं झाली.

"गंगू..." जानराव जागीच थबकला.

"या मागून. मीबी पाह्यतो पुढं चालून."

थोडं गेल्यावर तिनं वळून पाहिलं. तो खाली मान घालून तिच्या पावलावर पाऊल ठेवत होता. तिच्या इवल्याशा ठशातून त्याचा अर्धा पाय बाहेरच.

गंगूनं चाल हळू केली.