देठं खुडताना सांगितलेली स्वप्नं

मिरची निवडायला बसलं की बी आपोआप खाली गळतं. मुद्दाम कुणी पाडत नाही, पण संध्याकाळी झाडू घेतला की सूपभर निघतं! आमच्या युनियनचे किस्से असेच साठलेत. एक सांगायला घ्यावा, तर मागून चार येतात.

मुंबईचा मसाला बाजार नुकताच इकडे तुर्भ्याला आला होता. रस्ते रुंद, झाडं गुडघ्याएवढी, नि माणसं अजून वाटा विचारत फिरायची. तिथं एका शेठच्या गाळ्यात आम्ही अकरा जणी बसायचो. लाल मिरचीची देठं खुडायची, पांढरी पडलेली मिरची बाजूला काढायची. सकाळचं ऊन वरच्या जाळीतून आत यायचं आणि मिरचीची धूळ त्यात तरंगत राहायची. सगळा गाळा तांबूस. येणारी-जाणारी माणसं पाण्याखाली चालल्यासारखी दिसायची. डोळे धड मिटायचे नाहीत, धड उघडे राहायचे नाहीत. अशा तंद्रीत बाई दुसरं काय बोलणार?

नियमच होता आमचा. पहिली पाटी पुढ्यात ओतली, की जिला स्वप्न पडलं असेल तिनं सांगायचं. हात चालू, तोंड चालू!

*

स्वप्नात पहिला नंबर कमळाबायचा. ही घणसोली गावातली, माझी घरमालकीण. तिच्या घरची शेतं नव्या शहरात गेली, तिथं बिल्डिंगी उभ्या राहिल्या. मला खोली भाड्यानं देऊन ही माझ्याच शेजारी मिरची खुडायला बसायची.

"मना सपान परला गो," ती म्हणायची. "आमचे शेतान भात लावलाय. पन शेत हाय चवथ्या माल्यावं!"

"मग गं?"

"मंग काय! पंपाचा पानी वर येतच नाय!"

आमच्यात सगळ्यात थोरली हिराआत्या. खटावची. ती मान वर न करता म्हणाली, "आगं, मग सोसायटीत अर्ज टाक की!"

*

एकदा कमळाबायचं स्वप्न ऐन रंगात आलेलं. भात कापणीला आला होता, जिन्यावरून भारे उतरत होते. बघते तर आमच्या मागे एक माथाडी पाठीवर गोणी घेऊन उभा! हलायला तयार नाही.

"अरे भाऊ, गोणी तरी ठेव खाली," मी म्हटलं.

"नको वहिनी. ठेवली की मुकादम म्हणतो, रिकामा काय उभा? पाठीवर असली की वाटतं, मी कामावर आहे! तुम्ही सांगा, पुढं काय झालं?"

हाच तो जाधव भाऊ. आमच्या साताऱ्याकडचा, माथाड्यांच्या युनियनचा कार्यकर्ता. आम्हाला युनियन मिळाली ती अशी, गोणीखाली उभी राहून ऐकणारी!

*

भाऊनंच एक दिवस विचारलं, "तुमची नावं माथाडी बोर्डाच्या रजिस्टरात आहेत का?"

गोणी उचलणाऱ्याचं नाव रजिस्टरात होतं. त्याला कार्ड, कार्डावर दवाखाना. आणि त्याच गोणीतली मिरची निवडणारी? ती कुणीच नाही!

आम्ही हसून सोडून दिलं असतं. पण हिराआत्याला तेव्हा खोकला लागला होता. धुळीचाच. खोकायला लागली की देठाची पाटी हातातून सुटायची. शेठनं सांगून टाकलं होतं, "बाई, दिवाळीनंतर येऊ नको. तुझ्या खोकल्यानं गिऱ्हाईक घाबरतो." आत्याला मागे-पुढे कुणी नाही. दिघ्याला एक खोली, तीही परक्याची. इथून सुटली तर गावी पुतण्याच्या दारात ताट घेऊन बसायचं. नाव रजिस्टरात लागलं, तर शेठला असं सहज उठवता येणार नव्हतं, आणि दवाखानाही मिळाला असता.

"दिवाळीच्या आत नाव लागलं पाहिजे," भाऊ म्हणाला.

आत्या म्हणाली, "खोकल्याला विचारते, थांबतोस का म्हणून."

*

मग पहिली मीटिंग. भाऊ कागद-पेन घेऊन बसला. "सांगा, काय काय मागण्या आहेत?"

कुणी तोंड उघडेना. 'मला पाहिजे' हे शब्द आम्ही घरात कधी काढले नव्हते, इथं परक्या पुरुषापुढं कुठून काढणार? सगळ्या पदराची टोकं बघत बसल्या.

शेवटी कमळाबाय म्हणाली, "मना सपान परला. संडास हाय, त्याला दार हाय, नि दाराला आतून कडी हाय."

झालं! एकीला स्वप्नात पाण्याचा नळ दिसला, एकीला पाठ टेकायला भिंत दिसली. हिराआत्यानं पदरानं तोंड पुसलं. मग हळूच म्हणाली, "मी दवाखान्याच्या बाकड्यावर बसलीया. नुसती बसलीया. कुणी ऊठ म्हणत न्हाय."

भाऊनं खाली मान घालून सगळं लिहून घेतलं. तेही जसंच्या तसं! दुसऱ्या दिवशी शेठ अर्ज मोठ्यानं वाचतोय: 'कामगार महिलांना स्वप्नात आतून कडी असलेला संडास दिसला, तरी तो त्वरित मिळावा.'

शेठ म्हणाला, "सपने में दिखा ना? तो सपने में जाओ!"

पण भाऊ पिच्छा सोडणारा नव्हता. महिन्याभरात संडास झाला, कडीसकट! पहिल्या दिवशी आम्ही अकराच्या अकरा जणी आत जाऊन नुसती कडी लावून, काढून आलो.

*

रजिस्टराचं मात्र काही हलेना. म्हणून बोर्डाच्या बेलापूरच्या ऑफिसवर मोर्चा ठरला. भाऊ स्कूटरनं पुढं गेला, आम्ही मागून टेम्पोत. आता सीवूड्स आहे ना, त्या बाजूला तेव्हा नुसती खाडी आणि वारा. वाटेत आत्याला उबळ आली, म्हणून टेम्पो थांबवला. मोकळ्या हवेत तिला खाली उतरवली.

आणि समोर बघतो तर काय! ओहोटीचा चिखल आरशासारखा चमकतोय आणि त्यात गुलाबी पक्षी. शेकड्यानं. लांबलचक पाय, वाकड्या चोची, एकालाही घाई नाही. मधेच एक थवा उठला आणि खाली पाण्यातसुद्धा एक थवा उठला. आत्याचा खोकला कधी थांबला, तिलाही कळलं नाही.

"शांते," ती मला म्हणाली, "ही पाखरं बी कुठल्या गाळ्यात बसत्यात का गं? रंग बघ की अंगावरचा!"

आम्ही तिथंच बसून राहिलो. घोषणा पाठ केलेल्या, त्याही विसरलो.

तिकडे ऑफिसपुढं भाऊ एकटाच झेंडा घेऊन ओरडतोय. ऊन चढलं तसे साहेब वैतागून बाहेर आले. "अहो, मोर्चा कुठाय तुमचा?"

भाऊला तोवर टेम्पोवाल्यानं पुढं येऊन निरोप दिला होता. म्हणाला, "येतोय साहेब. पक्षी बघतोय!"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "असा मोर्चा पहिल्यांदाच ऐकतोय. जाऊ द्या, मीच येतो गाळ्यावर."

*

आणि खरंच आले! दिवाळीला चार दिवस राहिले होते. पांढरा शर्ट, हातात फायली. शेठनं खुर्ची दिली, थंडा मागवला आणि सुरू झाला, "साहेब, ह्या कामगार नाय. घरी टाइमपास होत नाय, म्हणून इकडे येऊन बसतात. गप्पा मारतात. सपने सांगतात एकमेकीला!"

साहेबांनी हिराआत्याला विचारलं, "खरं का आजी? स्वप्नं सांगता?"

"व्हय साहेब," आत्या म्हणाली. खोटं बोलणं तिला कधी जमलंच नाही. भाऊनं कपाळावर हात मारला!

"कामाचा काही पुरावा? चिठ्ठी, पावती?"

कसली पावती न् कसलं काय.

"बरं, आधी फॉर्मवर अंगठे तरी घेऊ," साहेब म्हणाले. पहिली आत्या. तिनं शाईत अंगठा बुडवला आणि कागदावर टेकला. निळा ठिपका उठला. सपाट! देठं खुडून खुडून रेघाच गेलेल्या.

"आजी, नीट दाबा."

पुन्हा सपाट. तिसऱ्यांदाही तेच.

शेठ हसला. "देखो साहेब, अंगठाच नकली!"

साहेबांना वाटलं, मळ असेल. त्यांनी खिशातून इस्त्रीचा पांढरा रुमाल काढला, आत्याचा हात आपल्या हातात घेतला आणि स्वतः पुसायला लागले. अंगठा पुसला, बोटं पुसली, नखांच्या कडा कोरून पुसल्या. आईचा हात पुसावा तसा. आत्या काहीतरी सांगायला गेली, तर कमळाबायनं तिला असा चिमटा काढला!

उकाडा मरणाचा. साहेबांनी त्याच रुमालानं कपाळ पुसलं. मग मान. मग चष्मा वर करून दोन्ही डोळे.

साहेब उभे राहिले. बसले. पुन्हा उभे राहिले. "पाणी!" म्हणून ओरडले. कमळाबायनं तांब्या दिला, त्यानं आग आणखीच भडकली. थंडासुद्धा त्यांनी तोंडावर ओतून घेतला! आम्ही अकरा जणी आपापल्या पाटीकडे बघत होतो. एकीनं हूं की चूं केलं नाही.

बऱ्याच वेळानं एक डोळा उघडला. लालभडक. साहेबांनी रुमालाची नीट घडी घातली आणि शेठपुढं टेबलावर ठेवली.

"शेठ, ह्या इथं नुसत्या बसायला येतात ना?"

"हां साहेब."

"मग पुसा की तोंड."

शेठनं रुमालाकडे बघितलं. साहेबांकडे बघितलं. आणि खुर्चीसकट मागे सरकला.

साहेबांनी एक डोळा मिटूनच पेन उचललं, आत्याचं नाव लिहिलं, त्याच्यापुढं तो सपाट निळा ठिपका तसाच राहू दिला आणि नाक ओढत म्हणाले, "हं, पुढची कोण?"