तीनदा ताशि

परदेशी भाषा शिकवणाऱ्या माणसाकडे दोनच गोष्टी साठतात. खडूची पूड आणि किस्से. पूड पदर झटकला की जाते. किस्से मात्र अंगाला चिकटून राहतात आणि कुठल्या तरी बारशाला कोणी "तू काय शिकवायचीस गं?" असं विचारलं की बाहेर पडतात. मग पाळण्यातलं पोर राहतं बाजूला!

ऐंशीनंतरची सात-आठ वर्षं मी अंधेरी पूर्वेला एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत जर्मन शिकवलं. वर्ग सामंत सरांचा. ते स्वतः जपानी शिकवायचे. फ्रेंचच्या बाई दर सहा महिन्यांनी बदलायच्या, कारण त्यांना चांगली नोकरी लागायची. आमच्या धंद्यातली सर्वांत मोठी संधी म्हणजे हा धंदा सोडण्याची संधी!

खोली एकच होती. मधोमध एक लोखंडी कपाट आडवं लावलेलं. कपाटाच्या अलीकडे युरोप, पलीकडे आशिया. खाली गिरणी सुरू झाली की दोन्ही खंड हलायचे.

*

सरांनी हौसेने बोर्ड रंगवून घेतला: 'जर्मन, फ्रेंच, जपानी.' पुढे 'भाषा वर्ग' लिहायचं होतं, पण पेंटरची जागा संपली. "समजतं हो लोकांना," असं म्हणून त्याने डबा-ब्रश आवरला.

दुसऱ्याच दिवशी वेसाव्याची हिराबाई वर आली. ती गिरणीच्या दारात म्हावरं विकायला बसायची. कमरेवर हात ठेवून तिने खोलीभर नजर फिरवली.

"जर्मनचा मोठा टोप हाय काय? घरान लगीन हाय."

जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, हे आमच्या आज्यांना ठाऊक होतं. मी विसरले होते. म्हटलं, "मावशी, इथे जर्मन विकत नाहीत, शिकवतात."

हिराबाईने माझ्याकडे दयेने पाहिलं. "टोपाला काय शिकवनार गो बाय? त्यो चुलीवर ठेवला का आपोआप शिकतो."

*

एक दिवस गावडे आला. मूळचा मालवणचा, राहायला वाकोल्यात, आयटीआय झालेला. हातात इंग्रजी पेपरचं कात्रण.

"सर, ह्या नोकरीसाठी काय लिवलंहा बगा. 'फॉरेन लँग्वेज प्रिफरेबल.' ही प्रिफरेबल खंयच्या देशात बोलतत?"

मी कपाटामागे तोंडात रुमाल कोंबला. सर मात्र गंभीर. त्यांच्या जपानीच्या वर्गात तेव्हा चारच विद्यार्थी उरले होते.

"प्रिफरेबल आमच्याकडे नाही," सर म्हणाले. "पण जपानी तिच्या अगदी जवळची आहे."

गावडे नाव घालून मोकळा झाला.

*

कपाट आवाज अडवत नसे. मी इकडे सांगत होते की जर्मनमध्ये टेबल पुल्लिंगी, दिवा स्त्रीलिंगी आणि मुलगी नपुंसकलिंगी. बँकेतले एक गृहस्थ चिडलेच. "मॅडम, घरात दोन मुली आहेत माझ्या. नपुंसक काय? काही रीत?"

मी व्याकरणाची कारणं देत बसले. तेवढ्यात आशियातून गावडेचा आवाज आला, "ओ मॅडम, त्येंका सांगा, आमच्या मालवणीत पण तसाच! 'ता चेडू खंय गेला?' मुलगी, पण ता चेडू! आमच्यात कोण रागावत नाय."

सगळा वर्ग पटकन शिकला. माझी तीन वर्षांची टिपणं त्या एका चेडवाने निकालात काढली.

*

मग पद्धती सुधारण्याचं वारं आलं. सर कुठल्याशा परिसंवादाला जाऊन आले आणि दारावर चिठ्ठी लागली: 'वर्गात मराठी बोलू नये.' भाषा म्हणे मुलासारखी शिकायची, भाषांतर बंद. त्या आठवड्यात आमचा वर्ग इतका शांत होता की गिरणीवाला वर येऊन विचारून गेला, "बंद केलात काय?"

तिसऱ्या दिवशी सरांच्या कोटाच्या कॉलरवर पाल बसली. गावडे ताडकन उभा राहिला. मराठी बंद, आणि जपानी पाल त्याला येत नव्हती.

"सेन्सेइ!" म्हणजे गुरुजी. "सेन्सेइ... पाल... देसु!" म्हणजे 'पाल आहे'.

"पाल?" सर खूश. पोरगा आपणहून बोलतोय! "उच्चार सुधार. जपानीत ल नाही. पारु म्हण."

"पारु देसु!"

"सगळे म्हणा!"

"पारु देसु!" पाचही जण ओरडले. त्या आवाजाने पारु कॉलरमधून आत उतरली. त्यानंतर सर जे काही बोलले ते शुद्ध मराठी होतं. चिठ्ठी त्याच संध्याकाळी निघाली.

*

आता सरांची जपानी आली कुठून, ते सांगायला हवं. शेजारी राहणारे एक बोटीवरचे इंजिनियर घर बदलताना सरांना चार ग्रामोफोन रेकॉर्ड देऊन गेले. सोबतचं पुस्तक वाळवीने आधीच वाचून संपवलं होतं. त्या रेकॉर्डवरच्या बाई म्हणजे सरांच्या गुरू. सुई टेकवण्याआधी सर रेकॉर्डला नमस्कार करायचे. "बाई काय म्हणतात ऐका," म्हणायचे.

जपानी सोपी आहे यावर त्यांची श्रद्धा होती. "क्रियापद शेवटी, आपल्यासारखं. आणि प्रश्न विचारायचा तर शेवटी 'का' लावा. अगदी आपलाच 'का'! 'देसु का' म्हणजे 'आहे का'. अर्धी जपानी तुम्ही आईच्या मांडीवर शिकून आला आहात!"

आभार मानल्यावर 'आभार कसले' म्हणायचं, तो शब्द तिसऱ्या रेकॉर्डवर होता. बाई गोड आवाजात म्हणायच्या, "दो इताशि-ताशि-ताशिमाश्ते." वर्ग मागून म्हणायचा, "दो इताशि-ताशि-ताशिमाश्ते."

मी एकदा विचारलं, "सर, ताशि तीनदा का हो?"

"सुधा, आपण 'बसा बसा', 'घ्या घ्या' म्हणतो ना? जपानी माणूस आपल्याहून नम्र. एकदा म्हणून थांबत नाही."

असे हे सर. नऊ वर्षं जपानी शिकवत होते आणि एकाही जपानी माणसाशी बोलले नव्हते. एकदा चहा पिताना कप खाली ठेवून म्हणाले, "मी शिकवतो ती जपानीच आहे ना गं? का माझी मीच रचलेली काहीतरी?" मी हसले. ते हसले नाहीत. मला आजही त्या हसण्याची लाज वाटते.

*

गावडेला चारकोपच्या एका कारखान्यात नोकरी लागली. तिथे जपानी मशीन आलं. ते बसवायला महिनाभरासाठी हायाशी नावाचे इंजिनियर येणार होते. मॅनेजरना दुभाषा हवा होता. गावडे छाती काढून म्हणाला, "आमचे सर आसत ना!"

सरांनी लग्नातला कोट काढला. मलाही बरोबर नेलं. "एकट्याने बोललो आणि त्यांना नाही कळलं तर?" असं वाटेत तीनदा म्हणाले. गावडेने सरांचे आणखी चार विद्यार्थी स्वागताला उभे केले होते.

हायाशीसाहेब आले. बुटके, चष्मेवाले, कंबरेत वाकून नमस्कार करणारे. सरांनी स्वागताचं वाक्य म्हटलं. हायाशींचा चेहरा खुलला आणि त्यांनी उत्तर दिलं. कळलं होतं! सरांचे डोळे भरले. मग चहा आला, हायाशींनी आभार मानले, आणि सर व पाच विद्यार्थी एका सुरात गरजले, "दो इताशि-ताशि-ताशिमाश्ते!"

हायाशींचा कप हवेत थांबला. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "रेकोडो देसु का?"

रेकॉर्ड आहे का? हे मलासुद्धा कळलं.

"हाय," सर म्हणाले. म्हणजे हो.

हायाशींनी हवेतली एक सुई दोन बोटांनी उचलली, जरा पुढे नेऊन टेकवली आणि सावकाश म्हणाले, "दो इताशिमाश्ते."

कोणी हसलं नाही. परतताना आम्ही आरे कॉलनीच्या रस्त्याला लागलो. सर म्हणाले, "नऊ वर्षं पोरांना मी ओरखडा शिकवला. महिना पुरा करतो, शब्द दिलाय. मग बोर्ड उतरवू."

मी बरंच काही समजावलं. सर बाहेरची झाडं बघत राहिले.

*

तिसऱ्या आठवड्यात हायाशींनी ती रेकॉर्ड बघायची इच्छा दाखवली. सर कानकोंडे झाले, पण नाही कसं म्हणणार? कारखान्याच्या गाडीने साहेब अंधेरीला आले. बूट बाहेर काढून खुर्चीत ताठ बसले. सरांनी सवयीने रेकॉर्डला नमस्कार केला. ते पाहून हायाशींनीही वाकून केला. बाई बोलल्या, ओरखड्यावर अडखळल्या, पुढे गेल्या. साहेबांनी ती बाजू दोनदा ऐकली.

खाली उतरलो तर दारात हिराबाई.

"सायबा, सुरमय ताजी हाय!"

"हाय," साहेब अदबीने म्हणाले.

"आवरली, पसंत हाय काय?"

"हाय."

"सगली घेतं का?"

"हाय, हाय."

"अहो मावशी, थांबा!" सर ओरडले. "तो 'हो'चा हाय नाही, 'ऐकतोय'चा हाय आहे!"

"तुमी गप बसा मास्तर. आमचा दोगांचा बराबर चाललाय!"

सगळी सुरमई टोपासकट गाडीत चढली. नऊ वर्षांत आमच्या एकाही विद्यार्थ्याने जपानी माणसाशी इतका लांब संवाद केला नव्हता. गाडी सुटताना हिराबाई मागून धावली, "टोप परत पाठवा, जर्मनचा हाय!"

*

महिना संपला. निरोपाला सगळा कारखाना जमला. मशीन सुरेख चालत होतं. सरांनी बोर्ड उतरवायला पेंटरला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं होतं, हे फक्त मला आणि गावडेला माहीत. गावडे तोंड पाडून उभा होता.

मॅनेजर भाषणाला उठले. आमच्या वीस कामगारांना जपानी शिकवायचं म्हणतोय, म्हणाले, पण वर्ग कुठला चांगला, हे साहेबांना विचारून ठरवू. सर खाली मान घालून एकेक वाक्य जपानीत सांगत होते. तेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. शेवटी मॅनेजर म्हणाले, "सर्वांच्या वतीने मी हायाशीसाहेबांचे मनापासून आभार मानतो." सरांनी आभार मानले.

हायाशी उठले. मॅनेजरकडे त्यांनी पाहिलंच नाही. सरांकडे वळले, कंबरेत पार वाकले आणि एक-एक अक्षर नीट उच्चारत, मोठ्याने म्हणाले,

"दो इताशि-ताशि-ताशिमाश्ते."

गावडेच्या हातातला हार खाली पडला.

"काय म्हणाले हो?" मॅनेजरनी विचारलं.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"आभार कसले, म्हणाले. जपानी माणूस नम्र. एकदा म्हणून थांबत नाही."