वांग्यांची टोपली

आमचे संपादक जाऊन महिना होत आला. त्यांच्याबद्दल चार ओळी लिहायला बसतो, तर आधी अकोल्याची वांगीच आठवतात आणि मी एकटाच हसत सुटतो.

साठ सालानंतरची गोष्ट. आमचं साप्ताहिक अमरावतीच्या राजापेठेतून निघे. अकोल्यात काही मुसलमान व्यापाऱ्यांनी बिनव्याजी कर्जाची पेढी काढली होती. व्याज त्यांच्या धर्मात निषिद्ध. एका सावकाराने उठवलं, की तिथे भेटींच्या नावाने व्याजच घेतात. लोक ठेवी काढू लागले, पेढी बुडायच्या बेतात आली. हा सावकार आमचा मोठा जाहिरातदार, याची मी संपादकांना आठवण दिली.

"म्हणूनच जाऊन डोळ्यांनी पाहा," संपादक म्हणाले. "आणि ज्याची बातमी, त्याच्याकडे पाण्यावाचून काही घ्यायचं नाही."

मी बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी धरली. पेढीवरच्या म्हाताऱ्या चाचांनी चहा मागवला. मी नको म्हटलं. त्यांचा चेहरा उतरला.

"काहून बेटा? मुसलमानाचा चहा चालत नाही काय तुले?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घाईघाईने संपादकांचा नियम सांगितला. चाचांचा विश्वास बसेना.

तेवढ्यात एक माळीणबाई टोपलीभर वांगी घेऊन आल्या. त्यांनी पेढीचं कर्ज घेतलं होतं.

"उचल ते," चाचा म्हणाले. "कर्ज फिटेपर्यंत तुयं वांगंबी आमाले व्याज."

"माया वाडीतले वांगे हायेत चाचा, सोनं नाही!"

"मंग या पेपरवाल्याले दे."

"मलेही चालत नाही," मी म्हणालो.

बाईंनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "एकाच चक्कीचं पीठ खाता काय रे दोघं? तो सावकार तं टोपलीसकट ठेवून घेते!"

चाचा असे हसले की टोपी खाली पडली. मी ती उचलून दिली आणि मीही हसत सुटलो.

आणखी कर्जदारांना भेटलो, सावकारालाही विचारलं, आणि वांग्यांसकट सगळं छापलं. जाहिरात बंद झाली. ठेवी मात्र हळूहळू पेढीत परतल्या.

पुढे बाईंचं कर्ज फिटलं. एका दुपारी चाचा आमच्या कचेरीत भरिताचा डबा घेऊन हजर. "त्याच वाडीचे वांगे. आता हलाल!"

मी संपादकांकडे पाहिलं. त्यांनी डब्याचं झाकण उघडून वास घेतला.

"या पेढीची बातमी यापुढे आपण दोघांनी लिहायची नाही," ते म्हणाले, आणि आत हाक मारून हिरव्या मिरच्या मागवल्या.