रेघेच्या काडीभर वर

काडीमिस्त्री बोलायला लागले की वाटायचं, हा माणूस नुकताच झोपेतून उठलाय, नाहीतर आता झोपणार आहे. शब्द सावकाश यायचे, मध्येच थांबायचे, आणि पुढचा येईपर्यंत समोरच्याचा चहा गार व्हायचा. हात मात्र टक्क जागे. जुन्या मोटारसायकलींच्या कार्बोरेटरवर तो हात असा बसला होता, की जुन्या गाड्यांचे हट्टी मालक अजून त्यांचंच दार शोधत यायचे.

काडीमिस्त्री हे नाव उगाच पडलेलं नव्हतं. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत पेट्रोल साठतं. ते किती भरावं हे आतला फ्लोट ठरवतो. पेट्रोल चढलं की तो तरंगत वर येतो आणि येणारी वाट बंद करतो. ही पातळी बाहेरून बघायची, तर वाटीच्या बुडाला एक पारदर्शक नळी जोडायची, ती वळवून कार्बोरेटरच्या अंगाशी उभी धरायची आणि बुडाचा स्क्रू ढिला करायचा. वाटीत जिथवर पेट्रोल, नळीतही तिथवरच. कार्बोरेटरच्या अंगावर एक बारीक रेघ असते, पेट्रोल त्या रेघेवर थांबायला हवं. पुस्तकात तसं लिहिलंय. मिस्त्रींना काम शिकवणारे उस्तादही तसंच सांगायचे.

पण मिस्त्रींनी स्वतःचं गॅरेज काढलं, आणि पहिल्याच वर्षी त्यांना कळून चुकलं की रेघेवर ठेवलं तर गाडी चढावर उपाशी पडते, आचके देते. रेघेच्या वर आगपेटीच्या काडीच्या जाडीएवढं ठेवलं, की भरल्या पोटाच्या बाळासारखी चालते.

"पुस्तक लिहिणाऱ्यानं पुस्तकच लिहिलंय," ते म्हणायचे. "गाडी कुठं चालवलीय त्यानं?"

हे त्यांनी एकदा उस्तादांनाही तोंडावर सांगितलं. उस्ताद म्हणाले, "बरं बाबा. तुझं गॅरेज, तुझी काडी." नंतर ते कधी आले नाहीत, आणि मग जगातूनच गेले.

एकतीस वर्षं काडी चुकली नाही. दुपारी डाव्या खिडकीतून ऊन आत यायचं, मिस्त्री गाडीच्या डाव्या अंगाला बसायचे, डोळे मिटून मनात देवाचं नाव घ्यायचे आणि स्क्रू ढिला करायचे. मधाच्या रंगाचं पेट्रोल नळीत चढू लागे. थोडं वर जाई, डुले, पुन्हा खाली येई, आणि शेवटी असं स्थिर होई जसं झोपेत मूल कूस बदलून गप्प होतं. तेवढा वेळ मिस्त्री इथे नसत. कुठे असत, त्यांनाही सांगता आलं नसतं. बायको दोन हाका मारायची आणि तिसरी मारायच्या ऐवजी जेवण झाकून ठेवायची.

मग रस्ता रुंद करायचा म्हणून जुनं गॅरेज पाडलं. बायकोच्या धाकट्या भावाने आपलं गोदाम दिलं, वर नवी फरशी घालून दिली. "दाजी, आरसा आहे आरसा," तो म्हणाला. "भांग पाडा यात."

मिस्त्रींनी भांग पाडला नाही, पण काम सुरू केलं. आणि गाड्या परत येऊ लागल्या. आधी चष्मे विकणाऱ्याची. पेट्रोलचा वास, काळाकुट्ट प्लग. मिस्त्रींनी त्यालाच झापलं, "भेसळीचं भरता आणि मला विचारता!" मग एका शिंप्याची. आणि आज सकाळी नर्सबाई. टेकडीवरच्या दवाखान्यात त्या थोरल्या भावाच्या जुन्या गाडीवर जायच्या, आणि सहसा तोंड उघडायच्या नाहीत. आज उघडलं.

"मिस्त्री, वळणावर गाडी गुदमरते, आणि मागे एवढा धूर! पेशंट विचारतात, बाई आल्या की आग लागली?"

"बघतो."

"मागच्या वेळीही बघितलंत. चार वाजता येते. आता नाही झाली तर विकते. भावाची आहे म्हणून आजवर जीव अडकला."

त्या गेल्या. मिस्त्रींनी गाडी मधल्या स्टँडवर घेतली, नळी लावली. पेट्रोल रेघेच्या बरोब्बर काडीभर वर येऊन थांबलं. अगदी हवं तिथे. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. काडीभरच.

बायको फरशी पुसायला बादली घेऊन आली होती. ते तिला म्हणाले, "माझा डोळा गेला."

"काय?"

"मला काडी दिसते ती काडी नसणार. ही एक गाडी देतो आणि हत्यारं बांधतो. तुझ्या भावाला गोदाम मोकळं करून देऊ."

"डोळा गेला म्हणे! परवा माझ्या डोक्यातला पांढरा केस दारातून दिसला तुम्हाला. तेव्हा बरा होता डोळा!"

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी खरंच हत्यारांमधले पाने पुसून एकेक फडक्यात गुंडाळायला घेतले. बायकोने ते पाहिलं, आणि बादली फरशीवर ओतली. पाणी पसरलं आणि तिथेच बसलं.

"ही बघा ही तुमची आरशाची फरशी! जीव नकोसा केलाय. तिकडे बरं होतं. पाणी ओतलं की झाडूचा नुसता धाक दाखवायचा, आपणहून डाव्या गटाराकडे चालू पडायचं. इथे मेलं हलत नाही."

मिस्त्रींचा हात फडक्यावर थांबला. त्यांना जुनी फरशी डोळ्यांसमोर दिसली, खिडकीतलं ऊन, धुतलेलं पाणी डावीकडे डावीकडे सरकत चाललेलं, आणि मधोमध स्टँडवर उभी गाडी.

"डावीकडे," ते म्हणाले.

"मग काय उजवीकडे? गटार डावीकडे होतं ना!"

त्यांनी कोपऱ्यातली पातळ फळी आणली. "जरा गाडी धर गं." बायकोने ओल्या हातांनी हँडल धरलं. त्यांनी स्टँडच्या उजव्या पायाखाली फळी सरकवली. गाडी किंचित डावीकडे कलली, इतकी किंचित की कुणाला कळू नये. डाव्या बाजूच्या नळीत पेट्रोल हललं, हळूहळू चढलं आणि थांबलं. रेघेच्या दोन काड्या वर.

थेंबभरही पेट्रोल जास्तीचं आलं नव्हतं. गाडी कलली, म्हणून नळीत वर दिसलं. जुन्या गॅरेजात फरशीला डावीकडे उतार, म्हणून ती रोजच कललेली असायची. तिथे नळी काडीभर वर दाखवायची, तेव्हा वाटीत ते रेघेवरच असायचं. आणि नळीत रेघेवर दिसायचं, तेव्हा वाटीत कमीच. म्हणून गाडी उपाशी पडायची. इकडे सपाट फरशीवर काडीभर म्हणजे खरंच काडीभर जास्त, म्हणून गाडी गुदमरायची, धूर सोडायची. एकतीस वर्षं देवाने एका चुकीवर दुसरी चूक ठेवून लोकांच्या गाड्या नीट चालवल्या होत्या.

"पुस्तक खरं होतं," मिस्त्री म्हणाले. "उस्तादही."

"असू देत. आधी माझ्या पाण्यातून पाय काढा."

त्यांनी फळी काढली. वाटी उघडली, फ्लोटची, पातळी ठरवणारी पितळी जीभ पक्कडीने केसाएवढी वाकवली, वाटी बसवली, नळी लावली. अजून जरा वर. पुन्हा उघडली. तिसऱ्या खेपेला पेट्रोल चढलं, डुललं आणि रेघेवर येऊन निजलं. मिस्त्री कितीतरी वेळ बघत राहिले. इतक्या वर्षांत पेट्रोल आणि रेघ अशी एक झालेली त्यांनी पाहिलीच नव्हती.

चार वाजता नर्सबाई आल्या. मिस्त्रींनी काही न लपवता सगळं सांगितलं. बाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे काडी फरशीची, आणि नाव तुमचं?"

"हो."

"चला मग, बसा मागे. धूर निघाला तर वरून चालत यावं लागेल."

दोन्ही बाजूंच्या भिंती मागे पडत गेल्या, दुकानं, कपडे वाळत घातलेल्या गच्च्या. चढ सुरू झाला. मिस्त्रींनी डोळे मिटले. इंजिनाचा आवाज त्यांच्या पायांतून वर येत होता, एकसारखा, कुठेही न अडखळता, आणि त्यांना वाटलं आपण नळीतच चढतोय, सावकाश, उन्हात. वळण आलं. वळण गेलं.

दवाखान्याच्या फाटकाशी बाईंनी गाडी बंद केली. मागे वळून रस्ता पाहिला. स्वच्छ होता.

"हत्यारं बांधायला घेतली होती म्हणे? निघताना काकू सांगत होत्या."

"अर्धी बांधली. सोडायला लागतील." मिस्त्री उतरले. "बाई, मला चष्मेवाल्याकडे सोडता? त्याला भेसळीचं म्हणून झापलंय मी. त्याच्याकडे जायला पाहिजे. मग शिंप्याकडे."

"माझी ड्यूटी सुरू झाली. चालत जा. उतारच आहे."

मिस्त्री उतरू लागले. चष्मेवाल्याला पहिलं वाक्य काय म्हणायचं ते ठरवत चालले होते. शब्द सावकाश येत होते, पण दुकान अजून बरंच लांब होतं.