त्रेसष्ट नंबरचा डॉक्टर

समजा, मत द्यायला गेलात आणि मतपत्रिकेवर ना नाव, ना फोटो. पक्षांच्या चिन्हांखाली नुसते आकडे. त्यातला एक आकडा म्हणजे तुमचा सिनेटर. त्यावर फुली मारा आणि घरी जा. सोपं वाटलं? आता हेच अख्ख्या वस्तीला शिकवून दाखवा.

एडिल्मा कासेरेसनं हे काम अंगावर घेतलं ते पुलासाठी. ती आरेपा, म्हणजे अंडं भरलेल्या मक्याच्या जाड पुऱ्या, तळून विकायची आणि बाजार होता ओढ्यापलीकडे. पाऊस झाला की बाई कढई डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून निघायची. अशात डॉक्टर उर्बिना मतं मागायला आले. त्यांनी जन्मात कोणाची नाडी बघितली नव्हती. पण कोलंबियाच्या या किनाऱ्यावर इस्त्रीचा शर्ट घातलेला प्रत्येक पुढारी डॉक्टरच.

"एडिल्माबाई, तुमच्या केंद्रातून शंभर मतं काढा. पूल तुमचा! माझा नंबर त्रेसष्ट."

शेजारचा म्हातारा दागोबेर्तो डोमिनोच्या सोंगट्या मांडता मांडता म्हणाला, "मागच्या डॉक्टरनंही पूल दिला होता ना गं? कुठे ठेवलास, पलंगाखाली?"

"तुम्ही गप्प बसा काका, आणि आकडा सांगा."

"त्रेसष्ट! अगं, झोपेत बडबडलो तर बायको विचारते, ही त्रेसष्ट कोण?"

आरेपाच्या कागदावर त्रेसष्ट, भिंतीवर त्रेसष्ट, पोरांच्या गाण्यात त्रेसष्ट. एडिल्मानं आकडा लोकांच्या डोक्यात असा बसवला की वस्तीनं तोच लॉटरीलाही लावला. आणि मतदानाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, त्रेसष्टच लागला!

रविवारी वस्तीनं डुक्कर भाजायला घेतलं. दारूबंदी होती, त्यामुळे सगळे कॉफीच्या कपातून पीत होते. एडिल्मा एकेकाचा दंड धरून ओढत होती.

"अहो उठा, चार वाजता केंद्र बंद होतं!"

"बाई, त्रेसष्टनं द्यायचं ते दिलं," दागोबेर्तो हाडूक चोखत म्हणाला. "मत न घेताच देणारा उमेदवार मी आयुष्यात पहिल्यांदा पाहतोय. त्याला आणखी कशाला त्रास द्यायचा?"

केंद्रातून मतं पडली चार. तरी उर्बिना निवडून आले, कारण सिनेटरला मतं साऱ्या देशातून मिळतात. एका वस्तीनं डुक्कर खाल्लं म्हणून त्याचं काही अडत नाही. एडिल्मानं धीर करून फोन लावला.

"अभिनंदन, डॉक्टर. ते पुलाचं..."

"बाई, सिनेटर कायदे करतो. पूल बांधणं महापौरांचं काम. आणि चार मतं? चार?"

फोन बंद.

पुढच्या पावसात एडिल्मा कढई घेऊन ओढ्यात उतरली. मध्यावर थांबून तिनं काठावरच्या म्हाताऱ्याला हाक मारली.

"काका, शंभर मतं पडली असती, तर पूल बांधणं कोणाचं काम असतं हो?"