हेतू विचारात घेतला जाणार नाही

आयुष्यात मी एकदाच पहिली आले. तीही पंचवीस मिनिटं.

शाळेत दुसरी, कॉलेजात चौथी, आणि नोकरीच्या वेळी प्रतीक्षा यादीत पहिली, जिला कुणी पहिली म्हणत नाही. तेव्हा एक्कावन्नाव्या वर्षी, मुरमाच्या मैदानावर, धुळीने पांढऱ्या झालेल्या केसांनिशी मी पहिली आले तेव्हा माझं काय झालं असेल ते समजून घ्या. हसलात तरी चालेल. घरात तर अजून हसतात.

मी सोलापुरात ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवते. दाब म्हणजे काय, हे सत्तावीस वर्षं फळ्यावर लिहून लिहून माझा उजवा खांदा गेलाय. पुढचं सगळं वाचताना एवढं मात्र विसरू नका की ही बाई दाब शिकवते.

आमचे केमिस्ट्रीचे सर एका रविवारी मला मंद्रूपच्या अलीकडे एका टेम्पोवाल्याच्या पडीक जमिनीवर घेऊन गेले. तिथे दर दीड-दोन महिन्यांनी पंधरा-सोळा हौशी माणसं आपापल्या रोजच्या गाड्या घेऊन जमतात. चुना फासलेले जुने टायर ठेवून वळणावळणाचा रस्ता आखायचा, डोक्यावर हेल्मेट चढवायचं, एका वेळी एकच गाडी सोडायची, आणि कमीत कमी वेळात जो फिरून येईल तो पहिला. दातांचे डॉक्टर आहेत, चादरीच्या कारखान्याचे मालक आहेत, औषधांचे दुकानदार आहेत. मैदानात मेंढरं शिरली तर घड्याळ थांबवायचं, फेरी पुन्हा द्यायची, आणि मेंढकावर कुणी ओरडायचं नाही, एवढा एकच नियम तेव्हा होता. त्याची मेंढरं आमच्या आधीपासून तिथे चरतात.

पहिल्या पाव तासातच मी जाहीर केलं, की तुमची वेळ मोजायची पद्धत साफ चुकीची आहे. माणसं शहाणी. त्यांनी स्टॉपवॉच माझ्याच हातात दिलं आणि माझं तोंड बंद केलं. तिसऱ्या खेपेला मी माझी गाडी घेऊन गेले. कॉलेजला जायची दहा वर्षं जुनी, छोटी डिझेल गाडी. चौदांत तेरावी आले. चौदाव्याचा टायर पंक्चर झाला होता.

दर वेळी पहिला यायचा तो एक मिस्त्री. मंद्रूपचाच, त्याचं तिथे गॅरेज. पन्नाशीचा, कपाळाला भस्माची बोटं, घरात कानडी आणि गिऱ्हाइकाशी मराठी बोलणारा, आणि खरं तर फारसं काहीच न बोलणारा माणूस. तो पहिला येतो याचं मला काही नव्हतं. पण त्याची गाडी माझ्याच कंपनीची, माझ्याच मॉडेलची, आणि माझ्याहून दोन वर्षं जुनी! तीच गाडी, तेच इंजिन, आणि माझ्यापेक्षा नऊ सेकंद आधी? मला रात्री जेवण गोड लागेना. माझ्या गाडी चालवण्यात काही कमी असेल, असं त्या वेळी एकदासुद्धा माझ्या मनात आलं नाही. कसं येईल? मी शिक्षिका आहे.

मग एका दुपारी इंटरनेटवर मला टर्बोचं गौडबंगाल सापडलं. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जादा हवा कोंबतो. जादा हवा म्हणजे जादा ताकद. पण फारच कोंबली तर इंजिनाचं वाटोळं होईल, म्हणून एक छोटं दार ठेवलेलं असतं. दाब ठरावीक झाला की एका बारीक रबरी नळीतून तो दाराला कळतो, दार उघडतं, धूर बाजूने निघून जातो आणि पंखा आवरतो. कुकरची शिट्टी करते तेच काम. आता ज्याला लबाडी करायची त्याने त्या नळीतून थोडी हवा मध्येच बाहेर सोडायची. दाराला दाब कळतो उशिरा, तोवर तो वाढत राहतो आणि गाडी सुसाट सुटते. यासाठी माशांच्या टाकीच्या नळीला असतो तसला प्लॅस्टिकचा चिमुकला कॉक पुरतो, असंही लिहिलं होतं.

मी ताडकन उठले. मिस्त्रीच्या गॅरेजात माशांची टाकी होती! मी स्वतः पाहिली होती. चार सोनेरी मासे आणि बुडबुडे.

झालं. पुढच्या खेपेला मी नियमावली लिहूनच नेली. अकरा कलमं. स्पर्धा बरोबरीची हवी, रोजच्या गाड्यांची हवी, वगैरे मोठं भाषण केलं. मंडळी शेंगा खात ऐकत होती. सातवं कलम खास होतं. टर्बोचा दाब कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त आढळल्यास त्या दिवसाची वेळ रद्द होईल. हेतू विचारात घेतला जाणार नाही. हेतूचा शेपटा मी मुद्दाम जोडला. “मॅडम, मला माहीतच नव्हतं” हे वाक्य मी इतकी वर्षं ऐकत आलेय की ते कानावर पडलं तरी माझं डोकं तापतं. शिवाय, ज्याची वेळ रद्द होईल त्याने कारण आपल्या हाताने फळ्यावर लिहायचं. फळाही मीच दिला होता, कॉलेजने टाकून दिलेला. आणि तपासायची कुणाची गाडी? फक्त पहिल्या आलेल्याची. उगाच सगळ्यांची कशाला? पहिला कोण येतो ते ठाऊकच होतं.

“चांगला नेम हाय,” एकटा मिस्त्री म्हणाला. “माप आना म्हंजे झालं.”

माप मी आणलंच होतं. घड्याळासारखी तबकडी, लांब नळी, आणि कंपनीच्या दाबावर मी माझ्या नेलपेंटने ओढलेली लाल रेघ. नळी बॉनेटमधून खिडकीतून आत घ्यायची, शेजारी बसून काटा बघायचा. मिस्त्री पहिला आला. मी शेजारी बसले. काटा चढला आणि लाल रेघेच्या अलीकडे केसभर थांबला.

मला पटलं नाही. पुढच्या खेपेला पुन्हा तपासलं. तेच. तिसऱ्या खेपेला मी तबकडीवर टिचक्या मारून पाहिल्या, बॉनेटमध्ये डोकं घालून माशांचा कॉक शोधला, साडीला काळं लावून घेतलं. काही नाही. मिस्त्री तिन्ही वेळा गाडीला टेकून उभा होता. कपाळाला आठीसुद्धा नाही. निर्दोष माणूस इतका शांत कसा राहील, असं मला वाटलं. बघा, कसली बाई ती!

आणि दिवाळीनंतर चमत्कार झाला. मी वेगात जायला लागले.

तेरावीची मी एकदम सहावी आले. गाडीतून उतरून मी एकटीनेच टाळी वाजवली. पुढच्या खेपेला तिसरी. गाडी कशी मोकळी पळत होती, जोर लावला की एक बारीक शीळ घालायची. मला वाटलं, चालवणारा तयार झाला की गाडीही खुलते. अहो, काय सांगू! वळण कसं घ्यावं, नजर कुठे ठेवावी, यावर मी मैदानात व्याख्यानं देऊ लागले. काळे हातमोजे घेतले. बारावीच्या वर्गात वर्तुळाकार गती शिकवताना, “आता मी स्वतः जेव्हा वळण घेते,” अशी सुरुवात करू लागले. नवरा म्हणायचा, भाजी आणायला निघालीस तरी हेल्मेटकडे बघतेस. कळस म्हणजे मी मिस्त्रीला सल्ला दिला, की तुम्ही ब्रेक फार लवकर मारता. तो म्हणाला, “व्हय, बगतो की.”

आणि मग मोसमातला शेवटचा रविवार. ऊन तापायला लागलं होतं. मी मिस्त्रीपेक्षा चार दशांश सेकंद आधी आले. पहिली!

फळ्यावर सगळ्यांत वर माझं नाव. बक्षीस म्हणून चादर. सोलापुरात चादर बक्षीस देणं म्हणजे काय, ते आमच्या घरी येऊन कपाट उघडून बघा. पण ती चादर मी खांद्यावर घेतली आणि मला रडू आलं. खरंच आलं. मी आईला फोन लावायला निघाले होते.

तेवढ्यात दातांचे डॉक्टर म्हणाले, “मॅडम, पहिल्या आलेल्याची गाडी तपासायची ना? कलम तुमचंच.”

“तपासा की!” मी म्हटलं. “मिस्त्री, तुम्ही दुसरे आलात, तुम्हीच तपासा.”

“ऱ्हाऊ द्या की मॅडम,” तो म्हणाला. “एन माडूदु? काय करायचंय आता.”

मी चिडले. नियम म्हणजे नियम, माझ्यासाठी वेगळा नको, असं चारचौघांत सुनावलं. बिचाऱ्याने मुकाट्याने माप लावलं. मी चालवायला बसले, तो शेजारी. एक फेरी मारून लांबच्या टोकाला, लिंबाखाली थांबलो. तबकडी त्याने तळहातात झाकून धरली होती.

“बरूबर हाय,” तो म्हणाला.

“दाखवा.”

“आता काटा शून्यावर आला की.”

तो माझ्याकडे बघत नव्हता. सत्तावीस वर्षं कॉपी पकडणाऱ्या बाईला एवढं कळतं. मी म्हटलं, आता तुम्ही चालवा, मी बघते.

त्याने माझी गाडी चालवली. पहिल्या वळणातच मला कळलं, की गाडी चालवणं म्हणजे काय ते मला कधी आलंच नव्हतं. हिसका नाही, आवाज नाही, चाक चुन्याच्या टायरला नेमकं न शिवता जातंय. ते पुरेसं नव्हतं म्हणून की काय, सरळ रस्त्याला काटा चढला, नेलपेंटची रेघ ओलांडली आणि चांगला बोटभर पुढे गेला.

लिंबाखाली त्याने बॉनेट उघडलं आणि मला नळी दाखवली. तीच, दाराला दाब कळवणारी बारीक रबरी नळी. दहा वर्षांच्या उन्हाने टोकाशी तडकली होती. नखाएवढी चीर. मी त्याच्या गाडीत तीन वेळा जे शोधलं ते माझ्याच गाडीत आपोआप झालं होतं, आणि ती शीळ त्या चिरेतून येत होती. माझी तयारी, माझी नजर, माझं वळण, सगळं त्या चिरेतून.

“तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

“दिवाळीनंतरच्या बारीपासनं. शिट्टी ऐकू येत हुती की.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

त्याने ब्लेडने नळीचं तडकलेलं टोक कापलं, उरलेली ओढून बसवली, हात पुसले. “तुमी गाडीतनं उतरला आन् टाळी वाजिवली. एकट्यानंच. आता तितं जाऊन नळी तडकलीया म्हनून कोन सांगंल?”

मला आधी राग आला. माझी कीव केली यानं? आणि मग लाज वाटली. असली लाज, की चादर खांद्यावरून काढून डोक्यावर घ्यावीशी वाटली. याला मी चोर ठरवून तीन वेळा बॉनेट उघडायला लावलं, आणि हा माझ्यासाठी शिट्टी ऐकूनही हरला होता.

“नळी झाली आता,” तो म्हणाला. “कुनाला कळायचं न्हाय. घरी जावा.”

खोटं कशाला बोलू, मी विचार केला. चांगला मिनिटभर केला. आई, वर्ग, हातमोजे, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी नळी तोडली नव्हती, मला माहीतही नव्हतं. आणि हे मनात आलं तसं माझं मलाच ऐकू आलं: मॅडम, मला माहीतच नव्हतं.

फळ्यापाशी गेले. माझं नाव पुसलं. खाली लिहिलं, “नळी तडकली होती. दाब जास्त होता. मला माहीत नव्हतं.” मग शेवटचं वाक्य तळहाताने पुसून टाकलं. डॉक्टर म्हणाले, अहो, एवढ्याशा नळीचं काय घेऊन बसलात. मी त्यांच्यावर खेकसले, की मराठी वाचता येतं ना, मग कलम सात वाचा. चादर मिस्त्रीच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवली. आईला फोन केला नाही.

मंडळी भाकरी-चटणीला बसली. टायर अजून उचलले नव्हते. मी मिस्त्रीला म्हटलं, एक फेरी मारते, दुरुस्त गाडीची. वेळ धरा. फक्त मला कळायला हवी.

गाडी आता शीळ घालत नव्हती. मी त्याच्यासारखं चालवायचा प्रयत्न केला. एक टायर उडवला असावा. परत आले तेव्हा तो एकटाच चुन्याच्या रेघेवर उभा होता, स्टॉपवॉच हातात.

“किती?”

त्याने आकडा सांगितला. तो पाचव्या नंबराचा आकडा होता. तेरावीचा नव्हे. सांगता सांगता त्याच्या अंगठ्याने बटण दाबलं आणि घड्याळ शून्यावर आलं.

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो मेंढरांकडे बघत होता. काटे तपासणारी, तबकडीवर टिचक्या मारणारी बाई मी. म्हणू शकत होते, की पुन्हा एक फेरी मारते, या वेळी घड्याळ डॉक्टरांकडे द्या.

मी थँक्यू म्हटलं आणि टायर उचलायला गेले.