ओल्या बोंबलाइतका हलका हात

२०१४ साली फिजिओथेरपीची पदवी घेऊन मी कासा येथील एका लहान उपचार केंद्रात रुजू झाले. पहिल्या दिवशी केंद्राच्या प्रमुख वत्सलाताईंनी मला त्यांच्या मनगटावर मसाज करायला सांगितले. मी दाब दिला. "हा स्नायूंचा मसाज झाला," त्या म्हणाल्या. "लसिका, म्हणजे लिम्फ, कातडीच्या लगेच खाली असते. कातडी नुसती सरकली पाहिजे." पुढे आठवडाभर त्यांनी मला एकाही रुग्णाला हात लावू दिला नाही. त्यांच्या साठीनिमित्त लिहिताना तो आठवडा आधी आठवतो.

स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्यावर काहींच्या हातात लसिका साचून सूज येते. मसाजाने ती कायमची जात नाही, हे ताई पहिल्याच भेटीत सांगतात. दाब देणारी पट्टी, व्यायाम आणि त्वचेची निगा यांच्या जोडीने मात्र सूज उतरते, हात हलका होतो, खांदा मोकळा फिरतो. ताप किंवा हातावर लाली असेल तर संसर्गाच्या शंकेने त्या मसाज करत नाहीत. तलासरीहून दोन जीप बदलून आलेल्या एका बाईंना ताप दिसताच त्यांनी मसाज न करता तसेच डॉक्टरांकडे नेले. स्वतः सोबत गेल्या.

डहाणूच्या किनाऱ्यावर मासळी सुकवणाऱ्या जमनाबाईंचा उजवा हात असाच सुजला होता. "पोरीच्या लग्नात बाहीचं पोलकं चढंल का, तेवढं सांगा," त्या म्हणाल्या. लग्नाला दोन महिने होते. तीन आठवडे हाताच्या घेराची मापे उतरली, चौथ्या आठवड्यात चढली. पट्टी काढली असणार, असे धरून मी त्यांना बोलले. ताईंनी सोबतच्या सासूबाईंना विचारले, "घरी मसाज कोण करतं?"

"मीच. तेल लावून चांगली रगडते. ही पोरगी नुसता हात फिरवते, त्याला शिक्षण कशाला लागतं?"

"आजी, ओला बोंबील वलांडीच्या बांबूवर सुकत टाकताना किती दाबता?"

"दाबला तर फाटंल ना!"

"मग सुनेचा हात बोंबील समजा."

जमनाबाई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. आजींनी तेल सोडले आणि तासाभरात योग्य दाब उचलला. मला आठवडा लागला होता.

नोंदीच्या कागदावर ताईंनी रुग्णाच्या नावाखाली एक ओळ वाढवली: 'घरी हात कोणाचा?' मी रुग्णाला शिकवले होते, घराला नाही.

लग्नाच्या आठवड्यात जमनाबाई पोलके घेऊनच आल्या. बाही चढली, पण घट्ट होती. ताईंनी कात्री घेऊन शिवण थोडी उसवली. मग दुसऱ्या बाहीचीही तेवढीच उसवली, फरक कोणाच्या नजरेला येऊ नये म्हणून.

ती ओळ आजही प्रत्येक कागदावर आहे. ताईंना उत्तम आरोग्य आणि दीर्घ आयुष्य लाभो. आणि माझा हात जड पडेल तेव्हा 'फाटेल' म्हणून सांगायला त्या शेजारच्या टेबलापाशी असोत.